मोटारीचा ताप व त्याचें निदान

उन्हाळ्याची सुटी लागली, कीं घरोघर प्रवासाचे बेत सुरू होतात. कोणी कुलदैवताच्या दर्शनास निघतात, कोणी आंब्याफणसांच्या ओढीनें कोंकणांतील मूळ गांवीं जातात, तर कोणी लग्नामुंजींच्या निमित्तानें घराबाहेर पडतात. पूर्वीं या प्रवासाची चिंता आगगाडीवर व एस. टी.वर सोंपवून आपण मोकळे होत असूं. आतां पुष्कळ घरांच्या दारांत स्वतःची मोटार उभी असते, आणि मोटारीबरोबर तिची चिंताही घरीं आलेली आहे. गाडीचें ‘तेलपाणी’ पाहावें लागतें हें सर्वांस ठाऊक असतें. परंतु त्यांतील पाण्याचें काम काय, तें कोठून कोठें फिरतें, आणि कमी झाल्यास कोणता अनर्थ ओढवतो, याचा विचार बहुधा घाटाच्या मध्यावर, बॉनेटखालून वाफा निघूं लागल्यावरच सुचतो. हा विचार घरीं, स्वस्थपणें व्हावा, एवढ्याच हेतूनें हा लेख आम्ही लिहीत आहों.

या विषयावर लिहिण्याचा आम्हांस कांहीं अधिकार असेल, तर तो आमच्याच एका चुकीनें मिळविलेला आहे. २०१८ सालच्या मे महिन्यांत आम्ही चिपळुणाहून कऱ्हाडास निघालों होतों. थोरल्या बंधूंच्या मुलाची मुंज दुसऱ्या दिवशीं सकाळीं होती. गाडींत धाकटे बंधू, दोन मुलें व आमच्या वृद्ध आत्याबाई. मागें फणस व भांड्यांचीं गाठोडीं. पोफळी सोडून कुंभार्ली घाट चढूं लागतांच गाडींतील थंड हवा कोमट झाली. थोड्या वेळानें उष्णतेचा काटा मध्यावरून वर सरकलेला दिसला. “आतां माथ्यावर पोंचूं, मग पाहूं,” असें म्हणून आम्हीं गाडी तशीच पुढें रेटली. चार वळणें गेलीं नाहींत तोंच काटा लाल खुणेस भिडला आणि समोरची कांच वाफेनें दिसेनाशी झाली. बंधू रुमाल घेऊन रेडिएटरचें झांकण उघडावयास धांवले. इतक्यांत मागून आत्याबाई ओरडल्या, “अरे, दाब उतरल्याशिवाय कुकरचं झांकण कुणी काढतं का? हो मागं!” त्यांनीं उभ्या जन्मांत मोटारीचें चाक हातीं धरलें नव्हतें, परंतु त्या वेळीं गाडींतील सर्वांत शहाणें माणूस त्याच होत्या.

पुढील हकीकत शेवटीं सांगूं. आधीं त्या घाटांत काय घडलें हें समजण्यास इंजिनाची रचना थोडक्यांत पाहिली पाहिजे.

तांब्याचा बंब व मोटारीचें इंजिन

आपल्या न्हाणीघरांतील तांब्याचा बंब आठवावा. मधल्या नळकांड्यांत विस्तव आणि भोंवतीं पाणी, अशी त्याची घडण असते. पाणी असेपर्यंत विस्तवानें बंबास कांहीं होत नाहीं. पाण्यावांचून जाळ घातला, तर त्याचे सांधे सुटतात. मोटारीचें इंजिन म्हणजे असाच एक बंब होय. फरक इतकाच, कीं बंबांत आपणांस पाणी तापवावयाचें असतें, व येथें विस्तवाच्या भोंवतालची धातु निववावयाची असते.

इंजिनाच्या नळकांड्यांत इंधनाचा भडका होतो त्या क्षणीं वायूंची उष्णता २००० अंश सेंटिग्रेडच्याही वर जाते. आजकाल इंजिनांचें वरचें झांकण, ज्यास मिस्त्री ‘हेड’ म्हणतात, तें बहुधा ॲल्युमिनियमचें असतें. आणि शुद्ध ॲल्युमिनियम ६६० अंशांवर वितळतें. असें असूनही हेड वितळत नाहीं, याचें श्रेय त्याच्या पोकळ भिंतींतून सतत वाहणाऱ्या पाण्यास आहे. इंधनापासून निघालेल्या उष्णतेपैकीं ढोबळमानानें एक तृतीयांश गाडी ओढण्याच्या कामीं येते, एक तृतीयांश धुराबरोबर जाते, आणि उरलेला बहुतेक भाग या पाण्यास वाहून न्यावा लागतो.

पाण्याचा मार्ग सरळ आहे. पंप तें इंजिनाच्या भिंतींत ढकलतो. तेथें तापलेलें पाणी वरच्या रबरी नळीनें पुढच्या बाजूस असलेल्या रेडिएटरमध्यें जातें. रेडिएटरच्या बारीक नळ्या व पातळ पत्रे यांतून वारा वाहतो, पाणी निवतें, आणि खालच्या नळीनें पंपाकडे परत येतें. वाटेंत थर्मोस्टॅट नांवाचा एक द्वारपाळ असतो. त्याच्या पोटांत मेण असतें. इंजिन थंड असतां तें घट्ट राहून रेडिएटरची वाट बंद ठेवतें, आणि पाणी सुमारें ८० ते ९० अंशांपर्यंत तापलें कीं मेण फुगून वाट उघडतें. इंजिनानें लवकर ऊब धरावी, व नंतर फाजील तापूं नये, असा हा दुहेरी पहारा आहे. गाडी उभी असतांना वारा मिळत नाहीं, म्हणून पंखा. आणि पाणी उकळूं नये म्हणून दाब राखणारें झांकण.

या झांकणाची थोरवी कुकर वापरणाऱ्या गृहिणींस सांगावयास नको. उघड्या भांड्यांत पाणी समुद्रसपाटीस १०० अंशांवर उकळतें. महाबळेश्वरासारख्या सुमारें १३५० मीटर उंचीच्या जागीं तें ९५-९६ अंशांवरच उकळूं लागतें. परंतु दर चौरस इंचास १५ पौंड जादा दाब दिला, कीं तेंच पाणी सुमारें १२० अंशांपर्यंत उकळत नाहीं. स्वयंपाकघरांतील कुकर व बहुतेक मोटारींचें झांकण साधारण याच दाबाच्या आसपास काम करतात. म्हणूनच तापलेल्या गाडीचें झांकण उघडतांच दाब एकदम नाहींसा होतो, शंभराहून अधिक अंशांचें पाणी क्षणांत उकळून उसळतें, आणि तोंड, छाती, हात होरपळून निघतात. आत्याबाईंचें वाक्य शास्त्रशुद्ध होतें.

ही सोय आपोआप झालेली नाहीं. कार्ल बेंझ यांनीं १८८६ सालीं पेटंट घेतलेल्या मोटारींत पाणी नुसतें उकळून वाफ होऊन जात असे. १८८८ सालच्या ऑगस्ट महिन्यांत त्यांच्या पत्नी बेर्टा बेंझ आपल्या दोन मुलांस घेऊन जर्मनींतील मानहाइमहून फोर्झहाइमपर्यंत, म्हणजे शंभरावर किलोमीटर, तीच गाडी घेऊन गेल्या. वाटेंत जेथें मिळेल तेथें पाणी घालीत घालीत त्यांस जावें लागलें. त्या काळीं गाडीनें पाणी पिणें हा तिचा धर्मच होता. आजच्या गाडीचा तो धर्म नव्हे. आजची रचना सर्व बाजूंनीं बंद आहे. निरोगी गाडींतील पाण्याची पातळी महिनोन् महिने जवळजवळ जशीच्या तशी राहते. तेव्हां गाडी पुन्हां पुन्हां पाणी मागूं लागली, तर पाणी घालून कर्तव्य संपत नाहीं. “पाणी गेलें कोठें?” हा प्रश्न विचारल्यावांचून निदानाची सुरुवातच होत नाहीं.

लक्षणांवरून रोगाची परीक्षा

चांगला वैद्य ताप केव्हां चढतो हें आधीं विचारतो. मोटारीचेंही तसेंच आहे.

गर्दींत थांबत थांबत जातांना काटा चढतो, आणि मोकळ्या रस्त्यास लागतांच उतरतो, असें असल्यास पहिला संशय पंख्याचा घ्यावा. पंख्याची मोटर, फ्यूज, रिले किंवा त्यास हुकूम देणारा सेन्सर, यांपैकीं कांहीं तरी बिघडलेलें असतें. इंजिन सुरू ठेवून गाडी उभी करावी व थंड हवेचें यंत्र चालू करावें. बहुतेक गाड्यांत लवकरच पंखा फिरूं लागला पाहिजे. तो फिरत असूनही ताप असेल, तर रेडिएटर व त्याच्या पुढील कंडेन्सर यांमध्यें किडे, चिखल, पालापाचोळा अडकला आहे काय तें पाहावें. पंखा इंजिन बंद असतांही अकस्मात् सुरू होऊं शकतो. म्हणून पदर, ओढणी व मुलांचे हात त्यापासून दूर ठेवावे.

याच्या उलट, गांवांत गाडी ठीक चालते, पण वेगानें जातांना किंवा चढावर तापते, असें असेल तर वाऱ्याची नव्हे, पाण्याच्या प्रवाहाची उणीव समजावी. रेडिएटरच्या नळ्या क्षारांनीं भरलेल्या असतील, पंपाचीं पातीं झिजलेलीं असतील, पट्टा घसरत असेल, थर्मोस्टॅट अर्धवट उघडत असेल, अथवा खालची रबरी नळी मऊ पडून आंतल्या आंत मिटत असेल.

थंड इंजिन सुरू केल्यावर थोड्याच मिनिटांत काटा भराभर वर गेला, व इंजिनाजवळची वरची नळी कढत असतां रेडिएटर मात्र थंडच राहिला, तर थर्मोस्टॅट बंद स्थितींत अडकला असण्याचा संभव फार. तोच उघड्या स्थितींत अडकला, तर गाडी तापत नाहीं. उलट तिला ऊब येण्यास फार वेळ लागतो व इंधन अधिक जळतें. हा दोष पुष्कळ दिवस ध्यानांत येत नाहीं. गाडी तापते म्हणून थर्मोस्टॅट काढूनच टाकावा, असा सल्ला कांहीं ठिकाणीं मिळतो. तो ऐकूं नये. द्वारपाळ झोंपाळू निघाला तर दुसरा नेमावा, दार काढून टाकूं नये.

पाणी कमी होत असेल तर गळती शोधावी. रात्रीं गाडीखालीं स्वच्छ पुठ्ठा पसरावा व सकाळीं डाग पाहावा. थंड हवेच्या यंत्रांतून ठिबकणारें साधें पाणी निर्दोष असतें; हिरवा, गुलाबी वा नारिंगी डाग असल्यास तो कूलंटचा होय. नळ्यांचे सांधे, रेडिएटरच्या कडा व पंपाखालचें बारीक छिद्र येथें वाळलेली रंगीत किंवा पांढरी रेघ दिसते काय तें पाहावें. पायाखालचा गालिचा ओला, कांचेवर चिकट धुकें आणि गाडींत गोडसर वास, अशीं तीन चिन्हें एकत्र दिसलीं, तर ऊब देणाऱ्या हीटरचा आंतील लहान रेडिएटर गळत आहे असें समजावें. डोळ्यांस न दिसणारी गळती मिस्त्री हातपंपानें ओळखतो. थंड गाडींत तो ठराविक दाब भरतो व दाबाचा काटा पडतो काय तें पाहतो. हीच परीक्षा झांकणाचीही करून घ्यावी. त्याचें रबर सुकलेलें असलें, तरीही निरोगी गाडी उकळते, आणि केवळ झांकण बदलून ती बरी होते.

सर्वांत वाईट रोग शेवटीं सांगतों. बाहेर एक थेंब दिसत नाहीं, तरी पाणी घटत जातें. धुराच्या नळींतून इंजिन तापल्यावरही गोड वासाचा पांढरा धूर येत राहतो. टाकींत बुडबुडे उठतात. किंवा तेल मोजण्याच्या पट्टीवर दुधाळ चहासारखा रंग दिसतो. अशा वेळीं हेडखालचें गॅस्केट फाटलेलें, किंवा हेडच वांकडें झालेलें असण्याचा संभव असतो. याची एक सुंदर रासायनिक परीक्षा आहे. टाकीच्या तोंडाशीं निळा द्रव धरतात. आंतील हवेंत जळक्या वायूंचा अंश असला, तर तो द्रव पिंवळा पडतो. हेड उघडण्याचा मोठा खर्च पत्करण्यापूर्वीं ही परीक्षा करून घेण्याचा आग्रह धरावा. नुसत्या तर्कावर इंजिन उघडूं देऊं नये.

काट्यावरही आंधळा विश्वास ठेवूं नये. पुष्कळ नव्या गाड्यांत काटा नसतोच, केवळ दिवा असतो. आणि कित्येक गाड्यांतील काटा उष्णतेच्या बऱ्याच चढउतारांत मध्यावरच स्थिर राहील असा योजलेला असतो. तो हलला, म्हणजे प्रकरण आधींच पुढें गेलेलें असतें. त्याहून फसवी गोष्ट अशी, कीं सर्व पाणी निघून गेलें तर सेन्सर कोरडा पडतो, आणि चढलेला काटा एकाएकीं खालीं येतो. तो उतार आरोग्याचा नव्हे. त्या क्षणीं गाडी थांबविलीच पाहिजे.

वाटेंत ताप चढल्यास

काटा वर सरकूं लागतांच थंड हवेचें यंत्र बंद करावें, खिडक्या उघडाव्या, आणि हीटर पूर्ण वेगानें सुरू करावा. वैशाखांत हें विपरीत वाटेल. परंतु हीटर म्हणजे दुसरा लहान रेडिएटरच असल्यामुळें इंजिनाची थोडी उष्णता त्या वाटेनें निघून जाते. आपणांस घाम येईल, इंजिन वांचेल. तेवढ्या अवधींत सुरक्षित जागा पाहून थांबावें. काटा लाल खुणेस पोंचला किंवा वाफ दिसली, तर मात्र “पुढच्या गांवापर्यंत” हा विचारही करूं नये. गाडी रस्त्याच्या कडेस घेऊन इंजिन ताबडतोब बंद करावें. मुलांस गाडीपासून व रहदारीपासून दूर, सांवलींत बसवावें.

वाफ असेपर्यंत बॉनेट उघडूं नये. नंतर उघडून निदान अर्धा तास, आणि लागेल तर अधिक, वाट पाहावी. वरची नळी हातास थंड लागली व सहज दाबली गेली, तरच जाड ओल्या कपड्यानें झांकण थोडें फिरवावें, उरलेला दाब जाऊं द्यावा, आणि मग तें काढावें. अडचणीच्या वेळीं पिण्याचें पाणी घातलें तरी चालतें. पण तें हळूहळू घालावें. तापलेल्या हेडवर एकदम थंड पाणी पडलें, तर चुलीवरून उतरलेल्या कांचेच्या भांड्याप्रमाणें तें तडकूं शकतें. पाणी भरून गाडी सुरू झाली, तरी आजार गेला असें नाहीं. ती जवळच्या मिस्त्रीपर्यंतच न्यावी. आणि पाणी लागलीच गळून जात असेल, तर ओढून न्यावी.

दुरुस्तीनंतर नळ्यांत हवेचा गोळा राहिला, तर पाणी पुरेसें असूनही गाडी तापते व हीटर थंड वारा फेंकतो. यासाठीं गाडीच्या पुस्तकांत सांगितल्याप्रमाणें हवा काढून टाकणें हा दुरुस्तीचाच भाग समजावा.

पाणी कसलें असावें?

बंबाच्या आंत विहिरीच्या जड पाण्यानें जो पांढरा थर बसतो, तोच रेडिएटरच्या सुईएवढ्या वाटांत बसला तर काय होईल, हें सांगणें नलगे. म्हणून गाडींत कूलंट व क्षाररहित ऊर्ध्वपातित पाणी यांचें मिश्रण घालतात. पुष्कळ ठिकाणीं तें निम्में निम्में असतें. त्यांतील ग्लायकॉलमुळें उकळण्याचा बिंदु वाढतो, आणि इतर द्रव्यांमुळें धातूस गंज चढत नाहीं. हीं गंजरोधक द्रव्यें काळानें संपतात. म्हणून पुस्तकांत दिलेल्या मुदतीस कूलंट बदलावें. रंगावरून जात ओळखूं नये, कारण रंगाचा सर्वत्र एक नियम नाहीं. निरनिराळ्या जातींचें मिश्रणही करूं नये. आजकाल विजेवर चालणाऱ्या पुष्कळ मोटारींतही बॅटरी निववण्यास असाच द्रव फिरत असतो. तेव्हां इंजिन गेलें तरी ही काळजी जाणार नाहीं.

येथें एक इशारा अत्यंत महत्त्वाचा आहे. बहुतेक कूलंटांतील इथिलीन ग्लायकॉल हें विष आहे, आणि त्याची चव गोड असते. थोडें पोटांत गेलें तरी मूत्रपिंडांस व जिवास धोका असतो. तें सरबताच्या किंवा पाण्याच्या बाटलींत कधींही भरून ठेवूं नये. सांडलें तर लागलीच धुऊन टाकावें, कारण मुलें, कुत्रीं व मांजरें त्याच्या गोडीनें फसतात. कोणाच्या पोटांत गेल्याचा नुसता संशय आला, तरी घरगुती उपायांत वेळ न दवडतां रुग्णालय गांठावें.

चुकीचा हिशेब

आतां आमच्या गाडीची राहिलेली हकीकत. मिस्त्रीनें दुसऱ्या दिवशीं पंपाखालीं बोट दाखविलें. तेथें हिरवट पांढरी रेघ होती, आणि ती कालची नव्हती. तीन महिने आम्ही दर पंधरवड्यास टाकींत तांब्याभर विहिरीचें पाणी घालून समाधान मानीत होतों. “उन्हाळा आहे, पाणी लागायचंच,” असें एकमेकांस सांगतही होतों. प्रत्येक तांब्यागणिक कूलंट पातळ होत गेलें, क्षार वाढत गेले, उकळण्याचा बिंदु खालीं आला, आणि घाटांत सर्वांचा एकदम हिशेब झाला. त्या वेळींही काटा हलतांच थांबलों असतों, तर पंप बदलून भागलें असतें. शेवटच्या चार वळणांनीं हेड वांकडें केलें, गॅस्केट गेलें, व पंपाच्या किंमतीच्या कित्येक पट खर्च आला.

पैशाचें दुःख मागें पडतें. मुंजीचा मुहूर्त मात्र आमच्यासाठीं थांबला नाहीं. बटूच्या झोळींत घालण्यासाठीं आत्याबाईंनीं घरीं केलेले लाडू डब्यांत तसेच राहिले. त्या कांहीं बोलल्या नाहींत. पुढें घरांत दुसरी मुंज झाली, ती त्या गेल्यानंतर.

तेव्हांपासून आमच्या घरीं एक नियम आहे. महिन्याच्या पहिल्या रविवारीं सकाळीं, इंजिन थंड असतांना, टाकीची पातळी पाहावयाची व वहींत तारखेसह टिपावयाची. हें काम दोन मिनिटांचें असून तें घरांतील मुलेंच करतात. पातळी खालीं गेलेली दिसली, तर पाण्याचा तांब्या भरण्यापूर्वीं त्यांनीं मोठ्यांस एक प्रश्न विचारावयाचा असतो: पाणी गेलें कोठें? उत्तर मिळेपर्यंत गाडी घाट चढत नाहीं.